दरी तीच, डोळे तेच : डार्विनच्या तीन सहलींची गोष्ट

१/ ऑगस्ट १८३१. इंग्लंडमधील श्रूजबरी गावातून दोघे जण वेल्सच्या डोंगरांकडे निघाले. एक होते केंब्रिजमधील भूविज्ञानाचे प्राध्यापक ॲडम सेजविक, वय ४६. दुसरा नुकताच पदवीधर झालेला २२ वर्षांचा चार्ल्स डार्विन. डोंगर वाचायचा कसा, हे एका जाणत्या गुरूने दुसऱ्याला प्रत्यक्ष खडकांवर शिकवले, त्याची ही कथा.

२/ डार्विनला हा विषय मुळीच आवडत नव्हता. एडिंबरामध्ये शिकत असताना त्याने प्राध्यापक रॉबर्ट जेमसन यांची व्याख्याने ऐकली होती. ती इतकी कंटाळवाणी वाटली, की भूविज्ञानाचे पुस्तक पुन्हा हाती धरायचे नाही, असा त्याने निश्चयच केला.

३/ जेमसन विद्यार्थ्यांना शहरालगतच्या सॅलिसबरी क्रॅग्ज या कड्यांवरही नेत. तेथे खडकाच्या थरांना छेदून गेलेली एक भिंत होती. दोन्ही बाजूंचे थर उष्णतेने कडक झालेले, भोवती सर्वत्र ज्वालामुखीचे खडक. तरीही जेमसन सांगत, की ही वरून गाळाने भरलेली भेग आहे. वितळलेला खडक खालून वर घुसला, असे मानणाऱ्यांची ते टिंगल करीत.

४/ म्हणजे पुरावा समोर होता आणि अर्थ चुकीचा सांगितला जात होता. मत आधी ठरले, की कड्यापर्यंत जाऊनही काही हाती लागत नाही. डार्विनने हा प्रसंग उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात आवर्जून नोंदवला आहे.

५/ पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हेन्स्लो यांनी त्याला पुन्हा या विषयाकडे वळवले आणि सेजविक यांच्या सहलीत त्याची सोय लावून दिली. डार्विनने थरांचा कल मोजण्याचे नतिमापक घेतले. सराव म्हणून खोलीतली टेबले वेगवेगळ्या कोनांत तिरपी मांडून तो त्यांचा उतार मोजत बसे!

६/ निघण्यापूर्वीच पहिला धडा मिळाला. श्रूजबरीजवळच्या खडीच्या खाणीत एका मजुराला उष्ण प्रदेशातला झिजलेला शंख सापडला होता. डार्विनने ते उत्साहाने सांगितले. सेजविक म्हणाले, तो कोणीतरी तेथे फेकला असेल. खरोखरच त्या थरात रुतलेला असेल, तर त्या भागाविषयीचे सारे ज्ञानच उलटेल. अशा शोधाने ते हरखले कसे नाहीत, याचे डार्विनला नवल वाटले. सुटी वस्तू म्हणजे शास्त्र नव्हे. अनेक तथ्ये एकत्र मांडून नियम काढता आले पाहिजेत, हे त्याला तेव्हा उमगले.

७/ वेल्समध्ये सेजविक यांची पद्धत साधी होती. ते स्वतः एका वाटेने जात आणि डार्विनला समांतर वाटेने पाठवत. त्याने खडकांचे नमुने आणायचे, थरांची दिशा व कल नकाशावर मांडायचा. क्लुइडच्या खोऱ्यात तत्कालीन प्रमाणभूत नकाशाने जुन्या तांबड्या वालुकाश्माचा पट्टा दाखवला होता. डार्विनला तो सापडला नाही. छापील नकाशापेक्षा पायाखालचा खडक मोठा, हे शिष्याने स्वतःच्या पायांनी शिकावे, अशी ही रीत.

८/ मग आली कुम इडवाल ही दरी. उंच कड्यांच्या कुशीत एक तळे. दोघांनी तेथे अनेक तास जीवाश्म शोधण्यात घालवले. त्याच दरीत घासून ओरखडे पडलेले खडक होते, अधांतरी टेकलेले प्रचंड शिलाखंड होते, तळ्याभोवती दगडमातीचे उंचवटे होते. एकेकाळी येथे हिमनदी वाहत होती, याच्या या खुणा. दोघांपैकी एकालाही त्या दिसल्या नाहीत.

९/ येथे गुरूची हयगय नव्हती. वेल्सच्या अतिप्राचीन थरांचा क्रम लावणे हा सेजविक यांचा प्रश्न होता. १८३५ मध्ये त्यांनीच त्या थरांना ‘कँब्रियन’ हे नाव दिले. ब्रिटनवर कधीकाळी हिमनद्या होत्या, हा विचारच तेव्हा तेथील अभ्यासकांत रुजलेला नव्हता. जो प्रश्न मनात नाही, त्याचे उत्तर समोरचा दगड कसे देणार?

१०/ वेल्सहून घरी परतताच डार्विनला ‘बीगल’ जहाजावरच्या सफरीचे निमंत्रण मिळाले. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले. १८३५ मध्ये अँडीज पर्वत ओलांडताना हजारो फूट उंचीवर सागरी शंखांचे जीवाश्म पाहून त्याने पर्वताच्या उत्थानाचा विचार मांडला. तेथे गुरू सोबत नव्हते, पण थरांची नोंद करण्याची सवय त्यांच्याकडून आलेली होती.

११/ दरम्यान स्वित्झर्लंडच्या लुई अगासी यांनी १८३७ मध्ये हिमयुगाची कल्पना जाहीरपणे मांडली. १८४० मध्ये ते स्कॉटलंडमध्ये आले आणि विल्यम बकलंड यांच्यासह त्यांनी तेथे हिमनद्यांच्या खुणा शोधल्या. पाठोपाठ बकलंड यांनी वेल्समधल्या खुणाही दाखवून दिल्या.

१२/ जून १८४२ मध्ये डार्विन पुन्हा कुम इडवालला गेला, या वेळी एकटाच. अकरा वर्षांपूर्वी न दिसलेले सारे आता इतके स्पष्ट होते, की ते तेव्हा कसे निसटले याचे त्यालाच आश्चर्य वाटले. त्याच वर्षी त्याने त्या प्रदेशातील प्राचीन हिमनद्यांवर निबंध प्रसिद्ध केला. प्रकृतीमुळे डोंगरातली अशी मोठी भटकंती त्याला पुन्हा जमली नाही.

१३/ जेमसन यांच्याबरोबर पुरावा दिसूनही नाकारला गेला. सेजविक यांच्याबरोबर पाहण्याची शिस्त मिळाली, तरी एक अख्खी हिमनदी नजरेतून सुटली. तिसऱ्या वेळी गुरूची शिस्त आणि अगासींचा प्रश्न, दोन्ही डार्विनजवळ होते. मधल्या अकरा वर्षांत दरीतला एक दगडही बदललेला नव्हता.