कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ : तक्रार कोठे आणि किती मुदतीत?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. मात्र तक्रार कोणाकडे द्यायची आणि किती दिवसांत द्यायची, याचा शोध प्रसंग ओढवल्यानंतरच सुरू होतो. या कायद्यात मुदतीला मोठे महत्त्व असल्याने ही माहिती प्रत्येक नोकरदार महिलेला आधीपासूनच असणे हिताचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ प्रकरणात या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांच्या आधारे संसदेने २०१३ मध्ये कायदा संमत केला आणि तो त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून अमलात आला.

संरक्षण कोणाला?

कायम नोकरीत असलेल्या महिलांपुरताच हा कायदा मर्यादित नाही. हंगामी, रोजंदारीवरील, कंत्राटदारामार्फत नेमलेल्या, प्रशिक्षणार्थी, इतकेच नव्हे तर बिनपगारी काम करणाऱ्या महिलाही त्याच्या कक्षेत येतात. घरकाम करणाऱ्या महिलेसाठी मालकाचे घर हेच कामाचे ठिकाण मानले जाते. कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि ये-जा करण्यासाठी मालकाने पुरवलेले वाहन यांचाही त्यात समावेश होतो.

नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे आणि अश्लील चित्रे दाखवणे ही छळाची उघड रूपे होत. बढतीचे आमिष, नोकरीवरून काढण्याची धमकी किंवा अपमानास्पद वागणूक या गोष्टी लैंगिक स्वरूपाच्या वर्तनाशी जोडलेल्या असतील, तर त्याही छळात मोडू शकतात.

तक्रार कोठे?

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरील महिला असावी लागते, किमान निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात आणि एक सदस्य बाहेरील असावा लागतो.

गोव्यासारख्या राज्यात अनेक महिला लहान दुकानांत, छोट्या अतिथीगृहांत आणि घरोघरी काम करतात. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे द्यायची असते. घरकाम करणाऱ्या महिलेच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास ही समिती ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवते. केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ या संकेतस्थळावरूनही तक्रार नोंदवता येते.

मुदत आणि प्रक्रिया

घटनेपासून, आणि छळ वारंवार झाला असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. विलंबाचे कारण पटल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यामुळे तारीख, वेळ, ठिकाण आणि साक्षीदारांची नावे वेळीच टिपून ठेवावीत, तसेच संदेश व छायाचित्रे जपून ठेवावीत. लिहिता येत नसेल, तर तक्रार लिहून देण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे.

चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत मालकाने त्यावर कारवाई करावी, असा क्रम कायद्याने ठरवला आहे. चौकशी चालू असताना तक्रारदार महिला स्वतःची किंवा संबंधित व्यक्तीची बदली मागू शकते, तसेच तीन महिन्यांपर्यंतची रजा मागू शकते. ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही. तडजोड केवळ तिच्या विनंतीवरूनच होऊ शकते आणि पैसे हा त्या तडजोडीचा आधार असू शकत नाही.

तक्रार सिद्ध झाली नाही तर आपल्यावरच उलटेल, या भीतीने अनेकजणी गप्प राहतात. पुरावा अपुरा पडला एवढ्याच कारणावरून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचे चौकशीअंती सिद्ध झाले, तरच कारवाईचा प्रश्न येतो.

गोव्यातून गेलेले प्रकरण

या कायद्याच्या अंमलबजावणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक महत्त्वाचा निकाल गोव्यातील प्रकरणातूनच आला आहे. २००९ मध्ये विद्यापीठातील विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. समितीने चौकशी घाईघाईने उरकली आणि त्याला बचावाची पुरेशी संधी दिली नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी काढला. बडतर्फीचा आदेश रद्द झाला आणि प्रकरण पुन्हा समितीकडे गेले. चौदा वर्षांनंतरही तक्रारदारांच्या पदरी अंतिम निर्णय पडला नव्हता. कायदा लागू होऊन दहा वर्षे होत आली तरी त्याच्या अंमलबजावणीत गंभीर उणिवा असल्याचेही न्यायालयाने त्या निकालात नोंदवले आणि केंद्र व राज्य सरकारांना निर्देश दिले.

नियम न जाणणारी समिती तक्रारदारालाही न्याय देऊ शकत नाही, हा या निकालाचा धडा आहे. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळून झालेली चौकशीच पुढे वरच्या न्यायालयात टिकते.

मालकाची जबाबदारी

समितीच्या सदस्यांची नावे आणि छळाचे दंडनीय परिणाम दर्शनी भागात लावणे, कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घेणे आणि महिलेची इच्छा असल्यास पोलीस तक्रारीसाठी साहाय्य करणे ही मालकाची कर्तव्ये आहेत. समिती स्थापन न केल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच गुन्ह्याची पुनरावृत्ती झाल्यास दुप्पट दंडाची आणि परवाना रद्द होण्याचीही तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खालील फौजदारी मार्ग याखेरीज खुला राहतोच.

आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर समितीच्या सदस्यांची नावे लावलेली आहेत का, हे आजच पाहावे. नसतील, तर ती विचारणे हा प्रत्येक कर्मचाऱ्याचा हक्क आहे.