चार तारे आणि एक ‘चांगला’

परवा मावशीचा फोन आला. आवाज रडवेला. आसगावला तिचं जुनं घर आहे. मुलं परदेशी गेल्यापासून मागच्या दोन खोल्या ती पर्यटकांना देते. "अरे, पाहुण्याने चारच तारे दिले! लिहिलंय, घर छान, मावशी प्रेमळ, फक्त पहाटे कोंबडा आरवतो." पाचपैकी चार म्हणजे 80 टक्के, डिस्टिंक्शन की, मी म्हटलं. "तुला नाही कळायचं," म्हणून तिने फोन ठेवला.

मग थोडं वाचलं आणि मावशीचंच खरं निघालं.

पाहुण्याची नोंद ठेवणं आपल्याला नवं नाही. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आजोबा-पणजोबांची नावं सापडतात. तिथे गंमत म्हणजे येणाऱ्यालाच ‘यजमान’ म्हणतात! पण त्या वहीत पाहुणचाराला गुण नसत.

एकमेकांना गुण देण्याची रीत रुजली ती इंटरनेटच्या बाजारात. ईबे 1995 मध्ये सुरू झालं आणि 1996 मध्ये तिथे अभिप्राय आले. अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा तर कशावर, हा प्रश्न त्याने सुटला. पण लिहिलेलं लगेच दिसे, त्यामुळे ‘तू मला वाईट म्हण, मग मी तुला म्हणतो’ हा खेळ सुरू झाला. शेवटी 2008 मध्ये ईबेने विक्रेत्यांना ग्राहकाविषयी वाईट शेरा मारायची बंदी केली.

त्याच वर्षी एअरबीएनबी ही कंपनी उभी राहिली. 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांनी घरभाडं भागवायला हवेच्या गाद्या घालून तीन पाहुणे ठेवले होते, तिथून सुरुवात. यांनाही सूडाच्या शेऱ्यांनी ग्रासलं. 2014 मध्ये त्यांनी तोडगा काढला: दोघांचे अभिप्राय जणू बंद पाकिटात. दोघांनी लिहिले किंवा 14 दिवस उलटले, की मगच उघडायचे.

तरी माणसाची भीड जाते थोडीच? 2015 च्या सुमारास बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी पाहिलं, तर सुमारे 95 टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच. ‘सुपरहोस्ट’ व्हायला 4.8 लागतात. म्हणजे चार हा नापासच!

आम्हा कारकुनांना हे ओळखीचं आहे. आमचा गोपनीय अहवाल असाच. सीमा रस्ते खात्यातल्या एका अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ शेरा मिळाला आणि बढती हुकली, कारण बढतीला ‘फार चांगला’ हवा होता. ‘चांगला’ हा काही प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून त्याला तो कळवलाही नव्हता. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बढती अडवणारा ‘चांगला’ प्रतिकूलच ठरतो. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवा.

आता माझी कबुली. गेल्या दिवाळीत आम्ही एका घरी उतरलो होतो. गाद्या दमट, पंखा रात्रभर कुरकुरत होता. यजमानीणबाईंनी निघताना मुलाच्या हातात लाडू ठेवले आणि मी पाच तारे देऊन मोकळा झालो. माझ्यासारख्यांच्या या खोट्या पाचांमुळेच मावशीच्या पाहुण्याचे खरे चार तिला नडले. दया मी दाखवली, भुर्दंड तिला.

संध्याकाळी तिला फोन केला. "मग कोंबडा विकू का?" ती म्हणाली. नको, म्हटलं. घराच्या माहितीतच लिही: पहाटे कोंबडा आरवतो. ज्याला चालेल तोच येईल.