शून्याने भागलं की विष्णू!

जावामध्ये पूर्णांकाला शून्याने भागून बघा, प्रोग्रॅम एक्सेप्शन फेकून मोकळा होतो. तेच दशांश संख्येला भागलं तर उत्तर येतं 'इन्फिनिटी'. त्यात हजार मिळवा, लाख वजा करा, ती ढिम्म हलत नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त हेच लिहून ठेवलंय, तेही विष्णूचं नाव घेऊन!

ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याचे नियम दिले, पण शून्याने भागलेली संख्या तशीच अपूर्णांकाच्या रूपात सोडली. भास्कराचार्यांनी तिला 'खहर' म्हटलं (ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद) आणि ती अनंत आहे असं सांगितलं. तिच्यात काही मिळवलं-काढलं तरी फरक पडत नाही. जसं प्रलयात सगळे जीव अच्युतात शिरले किंवा सृष्टीच्या वेळी बाहेर पडले, तरी तो तसाच राहतो.

आता म्हणाल, ही तर नुसती उपमा, यात तत्त्वज्ञान कुठे आलं? तर वेदान्तातला जुना पेच असा: जग ब्रह्मातून निघालं, तर ब्रह्म तेवढं कमी झालं का? श्रद्धेने 'नाही' म्हणता येतंच. पण न घटणारी गोष्ट असते तरी कशी, याचं उदाहरण गणिताने दिलं. पुरावा नव्हे हं, उदाहरण.

हा योगायोग नव्हता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याची नोंद असलेला चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख आजोबांना गणिताबरोबरच सांख्य, वैशेषिक आणि मीमांसेतही पारंगत म्हणतो. म्हणजे दोन्ही विषय एकाच डोक्यात नांदत होते.

आता आम्हा गोंदियाकरांना आवडेल असा भाग. १६०० च्या सुमारास कृष्ण दैवज्ञाने 'बीजगणिता'वर टीका लिहिली. राहायला काशीत, पण घराणं मूळचं विदर्भातलं. विष्णूचं नाव आलं म्हणून हात जोडून तो थांबला नाही, कारण शोधलं: भाजक जितका लहान, तितका भागाकार मोठा, भाजक शून्यच झाला तर भागाकाराला मर्यादा उरत नाही.

भास्कराचार्यांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. शून्याने गुणून परत शून्यानेच भागलं की मूळ संख्या मिळते, हा त्यांचा नियम आजचं बीजगणित मानत नाही.

असो. 'शून्य आपणच दिलं' हा मेसेज पुन्हा आला, की पुढे ढकलण्याआधी कृष्ण दैवज्ञाचा 'का?' जरूर आठवा. मला तरी अभिमान त्याचाच जास्त वाटतो.