हळदीचं कुंकू

तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता; तो १ मे १९९९ ला झाला. आम्ही परभणी जिल्ह्यातले. वसमतकडं शिमग्याच्या सुमारास हळद शिजायला लागली की गावभर वास सुटायचा. सातवीला गुरुजींनी प्रत्येकाला घरून हळकुंड आणायला लावलं.

आम्ही ते कुटलं. “रूप बदललं, पण हळद हळदच राहिली. हा भौतिक बदल.” मग ओल्या चुन्यात कालवली, तर लालभडक! “हा रासायनिक बदल, पोरांनो. कुंकू असंच करायचे.”

पुडी बांधून घरी आणली. वडील वारून वर्ष झालं होतं. मायनं बोट बुडवलं, कपाळापर्यंत नेलं अन् पदराला पुसलं. बदल मला त्याच दिवशी कळला. मायचं बोट का थांबलं, ते फार उशिरा.