न्यायिक जीवनमूल्यांचे पुनर्कथन
भारतातील उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या न्यायमूर्तींसाठीची आचारसंहिता. सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्ण सभेने ७ मे १९९७ रोजी ती स्वीकारली. कलमे १६, त्यांपैकी काही अगदी घरगुती आहेत. वकिली करणाऱ्या मुलाने वा मुलीने न्यायमूर्तींच्या निवासस्थानी राहून तेथेच पक्षकारांचे काम करू नये. कुटुंबीय, जवळचे नातलग व मित्र वगळता कोणाकडूनही भेटवस्तू किंवा पाहुणचार घेऊ नये. शेअर असलेल्या कंपनीचा खटला चालवायचा, तर आधी तसे सांगावे आणि कोणाची हरकत नसेल तरच पुढे जावे. शेअरबाजारात सट्टा मात्र मुळीच नको. प्रसारमाध्यमांना मुलाखती देणेही वर्ज्य: बोलायचे ते निकालपत्राने. ही संहिता म्हणजे कायदा नव्हे, हीच तिची लंगडी बाजू. ती मोडली तरी न्यायमूर्तींना पदावरून दूर करण्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद १२४(४) नुसार संसदेचीच वाट धरावी लागते.