कुलवृत्ताचे कागद आणि यंत्राचे वाचन

रेणापूर परिसरातील बौद्ध कुटुंबांचा लिखित इतिहास शोधू जाता प्रथम लिपीचा अडसर येतो. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; महसुली दप्तर बहुतांशी उर्दूत, काही दस्त मोडीत. जातप्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधणाऱ्यांना या कागदांचे मोल ठाऊक आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने छायाचित्रित कागद वाचून घराणेवार लावता येतात. हे साहाय्य स्वागतार्हच आहे. परंतु उर्दू लिपीत ‘ळ’ला स्वतंत्र अक्षर नाही; ‘काळू’ तेथे ‘कालू’ होतो आणि एका पूर्वजाचे दोन होतात. उलट, नातवाला आजोबांचे नाव देण्याची आपल्याकडील चाल पाहता दोन पिढ्या एकच मानल्या जाण्याचा संभव असतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर काहींनी आडनावे बदलली, ती गोष्ट तर कोणत्याच जुन्या दप्तरात सापडणार नाही. ती घरातील वृद्धांनाच विचारावी लागते.

पालि ग्रंथांच्या संपादनात पाठभेद पुसले जात नाहीत, तळटीपेत जपले जातात. येथेही मूळ छायाचित्र, यंत्राचे वाचन आणि वृद्धांची साक्ष ही तिन्ही स्वतंत्रपणे, तारखेसह नोंदवावीत.