बाहेरून लावलेली कडी

भगिनींनो, चोरी हा गुन्हा आहे, मारहाण हा गुन्हा आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. कुणाची कोंबडी गेली तरी आपण गल्ली गोळा करतो. परंतु एखाद्या माणसाला खोलीत घालून बाहेरून कडी लावली तर तोही गुन्हा होतो, हे कितीजणींना ठाऊक असेल? आपण त्याला ‘घरचा मामला’ म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. या गुन्ह्याची हकीगत जुनी आहे, आणि तिच्यात आपल्याच एका मराठी भगिनीचे नाव आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. म्हणून वाचून व विचारून जे समजले, ते घरच्या भाषेत मांडते.

इंग्रजी अमलात मेकॉलेसाहेबाच्या पुढाकाराने १८३७ साली गुन्ह्यांच्या कायद्याचा मसुदा तयार झाला. तो १८६० साली मंजूर झाला व १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. तीच भारतीय दंड संहिता. जुनी माणसे तिला ‘ताजिराते हिंद’ म्हणत. कुणाला अन्यायाने असे अडवून ठेवणे, की त्याला ठराविक हद्दीबाहेर जाता येऊ नये, याला तिने गुन्हा ठरविले. कायद्याच्या मराठी पुस्तकात याला ‘गैरपरिरोध’ असे नाव आहे. समजावे म्हणून तेथे दोन दाखले दिले आहेत. एकाने दुसऱ्याला भिंतीच्या आवारात नेऊन कुलूप घातले, हा पहिला. दुसऱ्यात कुलूप नाहीच. दाराशी बंदूकवाले उभे केले आणि ‘बाहेर पडलास तर गोळी घालतील’ असे सांगितले, तरी गुन्हा तोच. म्हणजे कोंडायला भिंत लागतेच असे नाही, धाकही पुरतो.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा दंडविधी वेगळा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो आणि १९५१ साली देशाची दंड संहिता आपल्याकडेही लागू झाली.

आता कुणी म्हणेल, परक्याने कोंडले तर गुन्हा खरा. पण नवऱ्याने बायकोला कोंडले तर? तिच्यावर त्याचा हक्कच नाही का? हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या हायकोर्टापुढे वेगळ्या रूपात आला होता. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागले होते. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या, आणि जाणत्या झाल्यावर त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली दादाजींनी फिर्याद केली. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी ती फेटाळली. अपिलात प्रकरण फिरून आले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, मी तुरुंग पत्करीन. बायांनो, कोर्टाच्या हुकमापुढे असे म्हणायला केवढे काळीज लागले असेल! शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई १८८९ साली विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. सुरत व राजकोट येथे त्यांनी पुष्कळ वर्षे बायकांची सेवा केली.

पुढे १८९१ साली खुद्द इंग्लंडात असाच प्रसंग घडला. जॅक्सन नावाच्या गृहस्थाने, नांदायला येत नाही म्हणून, आपल्या बायकोला चर्चमधून बाहेर पडताना उचलून नेले आणि आपल्या घरात अडकवून ठेवले. तिच्या माणसांनी कोर्टाचा दरवाजा ठोठावला. तेथील वरिष्ठ न्यायाधीशांनी सांगितले की, नवऱ्याला बायकोला कोंडून ठेवण्याचा अधिकार नाही, आणि तिला मोकळे केले. आपल्याकडे नांदायला न जाणाऱ्या बाईला तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ साली कायद्यातून काढून टाकण्यात आली. रखमाबाईंनी आरंभलेली वाट येथवर येण्यास छत्तीस वर्षे लागली.

कायदा बदलला, घरे मात्र तितक्या लवकर बदलत नाहीत. माझ्या माहेरच्या गावी आमच्या शेजारी एक नवी सून होती. घरची माणसे रानात जाताना बाहेरून कुलूप घालून जात. आम्ही मुली खिडकीच्या गजातून तिला तांब्याने पाणी देत असू. ती फक्त विचारायची, ‘आज कोणता वार?’ आठ-दहा दिवसांनी तिचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. तेव्हा गाव कुलूप घालणाऱ्यांना काही बोलले नाही. भावाने बहिणीचे घर मोडले, असे मात्र बोलले. कुलूप घालणे हा गुन्हा आहे, हे त्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट उचलीची. आपल्या तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात. उचल फिटली नाही म्हणून एखाद्या कुटुंबाला जागेवरून हलू द्यायचे नाही, बाप पैसे आणायला गेला तर लेकराला ठेवून घ्यायचे, असे कुणी केले तर तोही गुन्हाच. पैसे येणे असतील तर ते वसूल करायला कोर्ट आहे. त्यासाठी माणूस गहाण ठेवता येत नाही. वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्याने बंदच केली आहे आणि तिची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्या १२७ व्या कलमात हा गुन्हा आहे. कोंडून ठेवले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीन दिवस किंवा अधिक कोंडले तर कैद तीन वर्षांपर्यंत, आणि दहा दिवस किंवा अधिक तर पाच वर्षांपर्यंत. रांगते मूल विहिरीकडे जाऊ नये म्हणून दाराला फळी लावणे हा काही गुन्हा नव्हे. ‘अन्यायाने’ हा शब्द त्यासाठीच घातला आहे.

कोंडलेल्या माणसाला स्वतः ठाण्यावर जाता येत नाही, हे कायद्याने ओळखले आहे. म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कुणालाही पोलिसांत खबर देता येते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी यांच्याकडे अर्ज केला आणि त्यांची खात्री पटली, तर ते झडतीचे वॉरंट काढतात. पोलीस जाऊन माणसाला शोधतात आणि लगेच त्यांच्यापुढे हजर करतात.

तेव्हा भगिनींनो, बंद दारामागून कुणी वार विचारला तर वार सांगून परत फिरू नका. चौघी मिळून ठाण्यावर जा. रखमाबाई कोर्टापुढे एकट्या उभ्या राहिल्या. आपण तर एवढे मोठे मंडळ आहोत.